आईसाठी जुनं चावीचं घड्याळ घ्यायचंय, सल्ला हवा

रानजाई

मंडळी, आईला डिसेंबरमध्ये सत्तर पूर्ण होतील. तिला चावीचं जुनं घड्याळ द्यावं असं फार मनात आहे, पण या विषयातलं मला काहीच कळत नाही. म्हणून हा धागा.

आई सिव्हिल हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती. १९७८ला नोकरीला लागली आणि पगारातून पैसे साठवून एचएमटी घेतलं. पुढे कितीतरी वर्षं तेच तिच्या हातात होतं. पांढरी तबकडी, साधे आकडे, मधोमध लांब सेकंद काटा. मॉडेलचं नाव तिला आठवत नाही. धाकट्या मामाला नोकरी लागली तेव्हा तिने ते त्याला देऊन टाकलं आणि त्याच्या बदल्यांमध्ये ते कुठेतरी गेलं. नंतर सेलची घड्याळं आली आणि गेली, आता ती मोबाइलवरच वेळ बघते.

ऑनलाइन शोधलं तर आठशे रुपयांपासून 'व्हिंटेज एचएमटी' दिसतात. लाल, पोपटी, नारिंगी, हव्या त्या रंगात. यातली खरी कुठली? लेडीज घ्यावं की जेन्ट्स? आई साताऱ्यात असते, मी पुण्यात. बजेट पाच-सहा हजार. घड्याळ शोकेसमध्ये ठेवायला नकोय, तिने ते रोज वापरावं अशी इच्छा आहे.

सोनसळी

किती छान कल्पना! माझ्या आईचं 'सुजाता', एचएमटीचंच लेडीज घड्याळ, अजून कपाटात आहे. वाचतेय.

काटेकोर

वर्णनावरून एचएमटीचं 'जनता' मॉडेल असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पांढरी तबकडी, मधला सेकंद काटा आणि तो काळ, तिन्ही जुळतात. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. तिथून निघालेलं हातचावीचं १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे झीज कमी करणारे बारीक खडे) मशीन पुढे कित्येक मॉडेलांत वापरलं गेलं. जनता आणि पायलट यांच्या पोटात साधारण तेच ०२३१ नंबरचं मशीन सापडतं. म्हणजे एकाचं मशीन बिघडलं तर दुसऱ्याचे भाग चालतात. रोज वापरायच्या घड्याळात याचं मोल फार आहे.

आता रंगीत तबकड्यांबद्दल. रानजाई, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ती घड्याळं जुन्या मशीनवर नवी रंगवलेली तबकडी बसवून तयार केलेली असतात. परदेशातल्या संग्राहकांमध्ये अशा मालाला 'बॉम्बे स्पेशल' म्हणतात आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. ओळखायचं कसं? फोटो मोठा करून मिनिटांच्या बारीक रेघा बघा. कारखान्यातल्या छपाईत त्या केसासारख्या बारीक आणि सरळ असतात. पुन्हा रंगवलेल्यात जाड, पसरलेल्या, कधी आकड्यांच्या टोकांशी न जुळणाऱ्या. अशा तबकडीवर एचएमटीची अक्षरंही एका बाजूला कललेली असतात. आणि पंचेचाळीस वर्षं जुनी तबकडी आरशासारखी चकचकीत असेल तर शंका घ्यायलाच हवी. किंचित पिवळट झालेली, कडेला एखादा डाग असलेली पण मूळ तबकडी नेहमी बरी.

काही जनता घड्याळांवर नाव देवनागरीत छापलेलं असतं. ते मिळालं तर बघा, फार देखणं दिसतं.

वडगावकर

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. सत्तरीच्या बाईला चावीचं घड्याळ देणं ही लेकीची हौस आहे, आईची गरज नाही. रोज चावी द्या, पाण्यापासून जपा, दिवसाला अर्धा मिनिट पुढे-मागे जाणार ते जुळवा. आमच्या वडिलांना थोरल्या भावाने असंच जुनं स्विस घड्याळ दिलं होतं. वडिलांनी चार लोकांना दाखवलं आणि डब्यात ठेवलं. ठळक आकड्यांचं चांगलं क्वार्ट्झ घ्या, दोन-तीन वर्षांनी सेल बदला, संपलं.

खट्याळ_घड्याळ

वडगावकर, डब्यात ठेवलं म्हणजे सोन्याचं असणार. जावयाला कळवू नका.

निशिगंधा७

मी स्वतः नर्स आहे, २६ वर्षं झाली. वडगावकरांना एक सांगायचंय. आमच्या कामात घड्याळ दागिना नसतं, थर्मामीटरसारखं साधन असतं. नाडी मोजायची तर अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची, आणि ठोके अनियमित लागले तर पूर्ण मिनिट. श्वास मोजायचे तर पूर्ण मिनिट, तेही पेशंटला कळू न देता, नाहीतर तो श्वास बदलतो. आणि सलाईन! आता मोठ्या दवाखान्यांत पंप आलेत, पण तेव्हा सगळं थेंब मोजून. मिलिलीटरला २० थेंब पडणारा सेट असेल आणि ५०० मिलि चार तासांत द्यायचं असेल, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. एक डोळा थेंबाकडे, एक सेकंद काट्याकडे. रात्रपाळीत वॉर्डभर हेच.

रानजाई, तुमच्या आईंनी सेकंद काट्याचं घड्याळ पगारातून पैसे साठवून का घेतलं असेल ते मला बरोबर कळतं. त्या काळातल्या पुष्कळ लेडीज घड्याळांना सेकंद काटा नसायचाच. म्हणून आमच्या सीनिअर सिस्टर सर्रास जेन्ट्स घड्याळ वापरायच्या, काही जणी छातीवर उलटं अडकवायचं घड्याळ लावायच्या. तेव्हा काहीही घ्या, सेकंद काटा बघूनच घ्या.

रानजाई

निशिगंधाताई, हे मला माहीतच नव्हतं! आई आजही कुणाला ताप आला की आधी मनगट धरते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. धन्यवाद.

वडगावकर, राग कसला, तुमचा मुद्दा मनात होताच. ती वापरणार नसेल तर मलाही नको आहे.

चावीवाला

आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान वडिलांपासूनचं, मी अजून रोज आयग्लास लावून बसतो. लेडीज की जेन्ट्स यावर सांगतो.

जुनं लेडीज चावीचं घड्याळ भेट म्हणून देऊ नये असं माझं स्पष्ट मत. मशीन नखाएवढं. त्यातली हेअरस्प्रिंग, पिव्हट, सगळं इतकं बारीक की आता ते नीट करणारे हात थोडे राहिलेत आणि सुटे भाग त्याहून थोडे. चावीची मुंडीही इतकी छोटी की तरण्या माणसाच्या चिमटीत सुद्धा धड येत नाही. सत्तरीत बोटं दुखत असतील तर आठ दिवसांत घड्याळ बाजूला पडेल.

त्या मानाने जनता हा त्या काळचा जेन्ट्स साइज असला तरी ३५ मिलिमीटरच्या आसपासचा. आजच्या ताटलीएवढ्या घड्याळांपुढे तो बाईच्या हातात उत्तम शोभतो. मुंडी धरता येते आणि काटे लांबून दिसतात.

घेताना विक्रेत्याला मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. ऑनलाइन असेल तर मशीनचा स्वच्छ फोटो मागा. नाही म्हणाला तर सोडून द्या. आत गंज दिसला, विशेषतः चावीच्या दांडीपाशी, तर घेऊ नका, कारण पाणी तिथूनच शिरतं. स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या असतील तर आडदांड हात लागून गेलेत असं समजा. चावी देताना एकसारखी करकर ऐकू यायला हवी, आणि शेवटी ती आपोआप घट्ट लागून थांबली पाहिजे. मोकळी फिरतच राहिली तर कमान, म्हणजे घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, तुटलेली किंवा सुटलेली आहे.

आणि 'चालू आहे' या शब्दावर जाऊ नका. हलवलं की कुठलंही घड्याळ पाच मिनिटं चालतं. सुकलेल्या तेलावर चालणारं मशीन झिजत असतं. घेतल्यावर पहिलं काम पूर्ण सर्व्हिसिंग: मशीन उघडून, धुऊन, नवं तेल. बजेटमधले हजार-दीड हजार त्यासाठी बाजूला ठेवा. नंतर दर चार-पाच वर्षांनी.

मंगळवारपेठी

पुण्यातच आहात तर जुन्या बाजारात एक चक्कर मारा, रविवारी किंवा बुधवारी. एचएमटी हमखास दिसतं. पण चावीवाला काकांनी सांगितलेलं सगळं तिथे जमेलच असं नाही, झाकण उघडायचं हत्यार सगळ्यांकडे नसतं. पारख असलेलं माणूस बरोबर हवं. मुंबईत मटण स्ट्रीटला चोरबाजारातही तेच.

माझं म्हणणं, बाजारात आधी फक्त बघायला जा. दहा-बारा जनता हातात घेतले की खरी तबकडी आणि रंगवलेली यातला फरक डोळ्यांना आपोआप कळायला लागतो. विकत मात्र दुरुस्ती करणाऱ्याकडून घ्या. पेठांमधल्या जुन्या घड्याळजींकडे लोकांनी आणून टाकलेली, नीट केलेली घड्याळं असतात. दोनचारशे जास्त घेतील, पण बिघडलं तर परत त्यांच्याच काउंटरवर जाता येतं.

मायक्रोमीटर

अवांतर: एचएमटी म्हटलं की लोकांना घड्याळ आठवतं, आम्हाला लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र. भोसरीच्या कितीतरी शॉपमध्ये एचएमटीचं एनएच २२ लेथ अजून चालत असेल. कंपनीचं मूळ काम तेच, यंत्रं बनवणारी यंत्रं. १९५३ साली स्थापना, घड्याळं नंतर आली. ज्या देशात साधा चांगला लेथ बाहेरून आणावा लागत होता तिथे हजारो लोकांना मायक्रॉनमध्ये काम करायला शिकवणं ही लहान गोष्ट नव्हती. मला त्या घड्याळाबद्दल आदर आहे तो यासाठी.

आडवाटेवर

बंगळूरहून. मायक्रोमीटर, जालहळ्ळीला एचएमटीचं संग्रहालय आहे, कधी आलात तर चुकवू नका. घड्याळांच्या रांगाच्या रांगा आहेत, अंधांसाठीचं ब्रेल घड्याळसुद्धा. काच उघडून बोटांनी काटे चाचपायचे, अशी त्याची रचना.

पुढे तुमकूर, श्रीनगर आणि नैनितालजवळ राणीबाग इथेही घड्याळांचे कारखाने झाले. केंद्र सरकारने घड्याळाची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला जानेवारी २०१६ मध्ये. तोवर फार उशीर झाला होता. टाटांची टायटन १९८४ला स्थापन होऊन क्वार्ट्झ घेऊन उतरली आणि लोकांना पातळ, सुबक, चावी न लागणारी घड्याळं मिळाली. एचएमटीनेही क्वार्ट्झ काढली होती, पण तिची ताकद चावीच्या घड्याळांत होती.

परसबाग

न्यू जर्सीहून. आमच्याकडे बाबांचं 'फेवरलुबा' आहे, सी किंग. आजोबांनी लग्नात जावयाला दिलेलं. घड्याळ, सायकल आणि रेडिओ हा त्यांच्या पिढीचा ठरलेला आहेर. इकडच्या दुरुस्तीवाल्याने सर्व्हिसिंगचे जे पैसे सांगितले त्यात भारतात अशी दोन घड्याळं आली असती. शेवटी भावाबरोबर कोल्हापूरला पाठवलं आणि तिथे उत्तम काम झालं.

रानजाई, तुमच्या धाग्यात एक प्रश्न मला दिसला नाही म्हणून विचारते. मामांकडचं घड्याळ खरंच गेलं का? मामींना विचारलंत? जुन्या घरांत पत्र्याच्या डब्यांत काय काय सापडतं. दुसरं घेण्याआधी एकदा शोधायला लावा.

रानजाई

विचारलं. मामीने दोन दिवस कपाटं उपसली. नाही मिळालं. त्याचा पट्टा मात्र मिळाला, पण तो मामाने नंतर घातलेला स्टीलचा.

वडगावकर

हे वाईट झालं. पण माझा मूळ मुद्दा कायम आहे. निशिगंधाताई म्हणतात ते खरं, पण ते कामाचं घड्याळ होतं. आता काम नाही. आणि चावीचाच आग्रह असेल तर ऑटोमॅटिक का नको? एचएमटीचंच 'कांचन' आहे, हात हलला की आपोआप चावी बसते. बोटांचा प्रश्नच मिटला.

चावीवाला

वडगावकर साहेब, ऑटोमॅटिक हा सल्ला ऐकायला बरा वाटतो. पण ते दिवसाचे काही तास हातात राहायला हवं, तेव्हा त्याची चावी भरते. घरात वावरणारी बाई भांडी, कणीक, अंघोळ, देवपूजा यासाठी घड्याळ काढून ठेवते. दोन दिवस कपाटावर राहिलं की बंद. मग वार-तारीख पुन्हा जुळवायची, आणि ती रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान फिरवायची नाही, कारण तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात. वयस्कर गिऱ्हाइकं सगळ्यात जास्त वैतागतात ती तारखेवर. शिवाय कांचन जाड आणि जड.

हातचावीला पूर्ण चावी दिली की दीड दिवस निघतो. सकाळी चहाच्या वेळी वीस-पंचवीस वळसे दिले की झालं. तारीख नाही हा इथे फायदाच.

दर्याकिनारी

चावीचा मुद्दा निघालाय तर एक सोपी गोष्ट सुचवते. काहीही घेण्याआधी आईंच्या हातात कुणाचं तरी जुनं चावीचं घड्याळ द्या आणि चावी द्यायला सांगा. माझ्या सासूबाईंचे अंगठ्याचे सांधे गेलेत. त्यांना डबा उघडता येतो, पण चिमटीत धरून फिरवणं जमत नाही. ही अडचण घरातल्यांना बाहेरून दिसत नाही. सासूबाईंसाठी आम्ही शेवटी क्वार्ट्झच घेतलं, मोठ्या तबकडीचं, आणि त्या खूष आहेत.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का तेही बघा. चंदेरी तबकडीवर चंदेरी काटे असले की उन्हात काही दिसत नाही. पांढऱ्यावर काळे आकडे किंवा पायलटसारखी काळी तबकडी आणि उजळ आकडे, हेच बरं.

काटेकोर

दर्याकिनारींशी पूर्ण सहमत. पायलटचा उल्लेख आलाच आहे तर एक इशारा: बनावट तबकड्या सगळ्यात जास्त पायलटच्याच असतात, कारण मागणी तिला आहे. नवख्याने पायलटच्या मागे लागू नये. जनतामध्ये फसायची शक्यता कमी आणि किंमतही निम्मी. मूळ तबकडीचा, नीट चालणारा जनता दोन-तीन हजारांत मिळायला हरकत नाही.

केसबद्दल राहिलंच. यातल्या बऱ्याच केस पितळेच्या, वरून क्रोमचा मुलामा आणि फक्त मागचं झाकण स्टीलचं. घामाने मुलामा उडतो, पट्ट्याच्या बाजूला पितळ उघडं पडतं आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. आईंना खोटे कानातले चालत नसतील तर हे आधी तपासा. काच मात्र ॲक्रिलिकची असते, ओरखडे पॉलिशने निघून जातात आणि बदलायलाही स्वस्त. काच खराब आहे म्हणून चांगलं घड्याळ सोडू नका.

उनाडवारा

एक बाळबोध प्रश्न. जुन्या घड्याळांत रेडियम असतं ते धोक्याचं असतं ना?

काटेकोर

प्रश्न चांगला आहे. अंधारात चमकणाऱ्या काट्यांवर रेडियमचा रंग साधारण १९६० च्या दशकापर्यंत लावत. तो आता चमकत नाही, कारण चमकणारा पदार्थ जळून जातो. रेडियम तसंच राहतं, त्याचं निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. असं घड्याळ न उघडता कधीमधी वापरण्यापेक्षा ते घरी उघडून रंग खरवडणं जास्त वाईट, कारण ती पूड श्वासात जाते. आजोबांच्या काळातलं वेस्टएंड किंवा रोमर असेल आणि आकडे तपकिरी, भाजल्यासारखे दिसत असतील तर घरी उघडू नका, घड्याळजींना आधी सांगा. रानजाईंच्या साध्या छापील आकड्यांच्या जनताला हा प्रश्न येत नाही.

खट्याळ_घड्याळ

आमच्या घरी घड्याळ लावण्याचा मान आजीचा. आकाशवाणी पुण्याच्या सात पाचच्या बातम्यांआधीचे पिप वाजले की आजी ओरडायची, 'लावा!' आणि आजोबा, बाबा, काका तिघंही एकदम मुंडी ओढायचे. आजीकडे स्वतःचं घड्याळ नव्हतं. वेळ मात्र तिचीच चालायची.

सोनसळी

दहावी पास झाल्यावर मिळालेलं पहिलं घड्याळ कुणाकुणाला आठवतंय? मला बाबांनी निकालाच्या दिवशीच दुकानात नेलं होतं. हातात घातल्यावर दिवसभर मी सगळ्यांना 'किती वाजले ते विचार ना' म्हणत होते.

मंगळवारपेठी

सोनसळी, +१. मला सत्तर टक्क्यांची अट होती. सदुसष्ट पडले. आईने मध्यस्थी करून मिळवून दिलं.

निशिगंधा७

वडगावकर, तुमचं 'आता काम नाही' हे वाक्य कालपासून डोक्यात आहे. आमच्या निवृत्त मेट्रन बाईंना मी अधूनमधून भेटते. गल्लीतली सगळी म्हातारी माणसं त्यांच्याकडे बीपी मोजायला येतात, कुणाची सलाईनची बाटली लावलेली असेल तर त्यांना बोलावणं येतं. रानजाईंनी वर लिहिलंय की आई अजून मनगट धरून भिंतीकडे बघते. नोकरी संपते, काम संपत नाही. म्हणून मला वाटतं या घड्याळाचा खरा उपयोग होईल.

पण गुपचूप आणू नका. नर्सला घड्याळाबद्दल ठाम मतं असतात. विचारून घ्या.

वडगावकर

निशिगंधाताई, मान्य. हे मी लक्षात घेतलं नव्हतं. माझ्या वडिलांना सुद्धा कुणी विचारलं नव्हतं, त्यांना त्या घड्याळाची तबकडी दिसतच नव्हती.

परसबाग

मीही विचारण्याच्या बाजूने. सरप्राइज दोन मिनिटं टिकतं. घड्याळ रोज घालायचं असतं.

आडवाटेवर

अजून एक पर्याय राहिला. एचएमटी लिमिटेड अजूनही थोडी घड्याळं विकते, चावीचीसुद्धा. मॉडेलं आणि साठा बदलत असतो, पण सुरुवातीला तिथेही बघा. मशीनवर कुणाचा हात पडलेला नसेल आणि तबकडीची शंका उरणार नाही.

चावीवाला

हा चांगला पर्याय आहे. मात्र बरीच वर्षं कपाटात पडून राहिलेल्या नव्या घड्याळाचं तेलही सुकलेलं असू शकतं. नवं म्हणून सर्व्हिसिंग टाळू नका.

अजून एक. रानजाई, घड्याळ तुम्ही पुण्यात घ्या की बंगळूरहून मागवा, पण साताऱ्यात ते नीट करणारा माणूस आहे का हे आधी शोधा. पुण्यात तुमच्या ओळखीचा कितीही चांगला कारागीर असला तरी आई पट्टा तुटला, काच फुटली म्हणून पुण्याला येणार नाहीत. तुम्ही पुढच्या वेळी जाल तेव्हा नेऊ असं होतं आणि घड्याळ खणात राहतं. आमच्याकडे येणारी निम्मी बंद घड्याळं अशीच खणातून आलेली असतात. आईंच्या पायी अंतरावर घड्याळजी असेल तर घड्याळ टिकेल.

उनाडवारा

हा सल्ला वाचनखूण म्हणून साठवून ठेवावा असा आहे.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. बरंच घडलंय, सविस्तर लिहिते.

शनिवारी साताऱ्याला गेले आणि आईला सरळ विचारलं. आधी अपेक्षेप्रमाणे 'कशाला खर्च करतेस' झालं. मग मी फोनवर जनताचे काटेकोर यांनी सांगितले तसे मूळ तबकडीचे फोटो दाखवले. तिने चष्मा लावला आणि एकेक बघत गेली. 'हे नाही. हे नाही. याचे आकडे जाड आहेत. हे!' जनताच निघालं. मग तिच्या अटी सुरू झाल्या: तारीख नको, सोनेरी नको, पट्टा काळा, आणि सेकंद काटा मिनिटाच्या रेघेपर्यंत पोचायला हवा, आखूड असला की मोजायला त्रास होतो. निशिगंधाताई, ठाम मतांबद्दल तुम्ही अगदी बरोबर होतात.

दर्याकिनारींनी सांगितलेली परीक्षाही घेतली. शेजारच्या काकांचं जुनं घड्याळ आणलं. उजव्या हाताने चावी देताना तिचा अंगठा दुखला. पण तिने घड्याळ उजव्या हातात धरलं आणि डाव्या हाताने चावी दिली, न अडखळता. म्हणाली, डाव्याला काही झालेलं नाही. म्हणजे घड्याळ उजव्या मनगटावर घालायचं असं तिनेच ठरवून टाकलं.

मोती चौकाच्या बाजूला एक जुने घड्याळजी आहेत, आईच्या रोजच्या भाजीच्या वाटेवर. त्यांच्याकडे जाऊन विचारलं. जनताचं काम करतात, सुटे भागही ठेवतात. त्यांच्याकडेच दोन जनता विक्रीला होते. एकाची तबकडी चकचकीत, रेघा जाड, ते मी स्वतः ओळखलं! दुसऱ्याची थोडी पिवळसर, सहाच्या आकड्याजवळ बारीक डाग, केसचा मुलामा एका बाजूला थोडा उडालेला. झाकण उघडून दाखवलं, गंज नाही. सर्व्हिसिंगसकट २,८०० म्हणाले. आईला डाग चालतोय. घेतलं आहे, पंधरा दिवसांनी मिळेल.

चावीवाला काका, दोन शंका. मुलामा उडालेल्या जागेचं काय करावं? आणि आईचं मनगट बारीक आहे, पट्टा कसा घ्यावा?

चावीवाला

उत्तम सौदा झाला. घड्याळजींना एकच विनंती करा की सर्व्हिसिंग झाल्यावर चारपाच दिवस स्वतःकडे चालवून बघा आणि मगच द्या. आडवं ठेवून आणि उभं ठेवून, दोन्ही. दिवसाला वीस-तीस सेकंदांचा फरक या वयाच्या मशीनला चालतो. मिनिटभराच्या नाडीत तो कुठेच दिसणार नाही.

मुलाम्याला आत्ता हात लावू नका. पुन्हा क्रोम चढवायचं तर केस घासावी लागते आणि कडा गोल होतात. त्यापेक्षा आईंच्या त्वचेला त्रास होतो का ते आठ दिवस बघा. झाला तर मनगट आणि केस यांच्यामध्ये चामड्याची पट्टी येईल असा अखंड पट्टा घ्या, जो दोन्ही पिनांच्या खालून जातो. त्याचा दुसरा फायदा असा की एक पिन निसटली तरी घड्याळ खाली पडत नाही. रुंदी बहुतेक १८ मिलिमीटर लागेल, पण मोजून घ्या. बारीक मनगटासाठी आखूड मापाचा मागा, नाहीतर चांभाराकडून दोन भोकं वाढवून घ्या.

पाण्यापासून जपायला सांगा. तबकडीवर किंवा झाकणावर काहीही लिहिलेलं असो, एवढ्या जुन्या रबरावर विश्वास ठेवायचा नाही. आणि रात्री फोनच्या चुंबकाच्या कव्हरवर ठेवू नका, घड्याळ भलतंच पुढे पळायला लागतं.

निशिगंधा७

आणि उजव्या हातात घालणार असतील तर नाडी डाव्या हाताने धरायची सवय करावी लागेल. त्यांना सांगा, दोन दिवसांत जमतं, मी स्वतः रात्रपाळीत हात बदलून मोजते.

दर्याकिनारी

रानजाई, घड्याळजींकडे अजून एखादा मूळ तबकडीचा जनता येणार असेल तर मला व्यनि करा. सासऱ्यांची पंचाहत्तरी फेब्रुवारीत आहे आणि त्यांची बोटं ठणठणीत आहेत.